घरगुती नेटवर्क प्लेअरची ध्वनिजुळणी

घरातील संगणकावर, हार्ड डिस्कवर किंवा राउटरला जोडलेल्या साठवण-पेटीवर ठेवलेले संगीत केबलने अथवा वाय-फायने उचलून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचवणाऱ्या लहान यंत्रास नेटवर्क प्लेअर म्हणतात. त्या यंत्रातून शक्य तितका स्वच्छ आवाज मिळावा यासाठी त्याच्या आज्ञावलीत, वीजपुरवठ्यात आणि ते ज्या खोलीत वाजते त्या खोलीत केलेले फेरबदल म्हणजे ध्वनिजुळणी. तंबोरा जुळवताना जशा आधी तारा लावतात व मग जवारीच्या दोऱ्याला हात घालतात, तसा येथेही कामाचा एक क्रम आहे : आधी ध्वनिमुद्रणाची फाइल, मग खोली व स्पीकर, मग वीज व अर्थिंग, आणि नेटवर्क सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा धरल्यामुळे हौशी श्रोत्यांचा बराच पैसा व वेळ वाया जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या कर्नाटकातील सीमाभागातल्या मराठी घरांना समोर ठेवून ही नोंद लिहिली आहे, कारण तेथील जुने संग्रह, घरांची बांधणी, पाऊस आणि वीज या चारही गोष्टींचा जुळणीवर प्रत्यक्ष परिणाम होतो.

पार्श्वभूमी : १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीने सेकंदाला ४४,१०० नमुने व प्रत्येक नमुन्यास १६ बिट हे माप रूढ केले. दोन्ही वाहिन्या मिळून हा ओघ सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतो. त्यातील एकही बिट न गमावता फाइल लहान करणारे ‘फ्लॅक’ हे स्वरूप २००१ साली आले व त्याच सुमारास नेटवर्कवरून गाणी वाजवणारी पहिली घरगुती यंत्रे विक्रीस आली. संगीत वाजवणारी एमपीडी ही मुक्त आज्ञावली २००३ सालची. मात्र या छंदाला खरा विस्तार मिळाला तो फेब्रुवारी २०१२ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या स्वस्त संगणकामुळे. मोओड, व्होल्युमिओ, पायकोअरप्लेअर यांसारख्या तयार आज्ञावल्या मेमरी कार्डावर घालून त्याचा प्लेअर करता येतो.

फाइल आणि संग्रह : सीमाभागातील रसिकांचे कान दोन भाषांवर वाढलेले असतात. सुळेभावी या बेळगावजवळच्या गावी १९२४ साली कुमार गंधर्वांचा जन्म झाला. धारवाड आकाशवाणी १९५० साली सुरू झाली. भीमसेन जोशींचे मराठी अभंग आणि कन्नड दासपदे एकाच घरात, एकाच आवडीने ऐकली जातात. त्यामुळे येथील संग्रहात ७८ फेऱ्यांच्या तबकड्या, कॅसेटी, रेडिओवरून टेप केलेल्या मैफली आणि कधी काळी कुणीतरी पेन ड्राइव्हवर भरून दिलेल्या एमपीथ्री फाइली असे सर्व काही सरमिसळ आढळते. १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीमध्ये मूळ ओघाचा अकरावा हिस्सा उरलेला असतो. टाकून दिलेला भाग महागडा डॅक (फाइलीतील अंकांचे ध्वनीच्या विद्युत्-लहरींत रूपांतर करणारा भाग), जाड तार किंवा वेगळा वीजपुरवठा यांपैकी कशानेही परत येत नाही. अशी फाइल फ्लॅकमध्ये बदलली तरी ती केवळ आकाराने वाढते. म्हणून घरात मूळ सीडी, कॅसेट किंवा तबकडी अजून शिल्लक असेल, तर तिच्यापासून पुन्हा नव्याने फ्लॅक करणे ही सर्व जुळणीतील सर्वांत फलदायी पायरी होय. एक तासाच्या सीडीची फ्लॅक फाइल साधारणतः ३०० ते ४०० मेगाबाइट भरते, आणि आजच्या डिस्कच्या मानाने ही जागा नगण्य आहे.

तबकडीच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. ‘७८’ हा आकडा नाममात्र असून अनेक जुन्या तबकड्या प्रत्यक्षात वेगळ्या गतीने ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. गती सुमारे ६ टक्क्यांनी चुकली की सूर अर्ध्या स्वराने सरकतो, काळी एक पांढरी दोन होते आणि गायकाच्या आवाजाचा पोतही बदलतो. ज्या गायकाची पट्टी ठाऊक आहे त्याची तबकडी पेटीशी ताडून पाहावी व गती तेथेच सुधारावी. ही दुरुस्ती कुठलाही प्लेअर आपोआप करत नाही.

ख्यालगायनात विलंबित आणि द्रुत बंदिशी पुष्कळदा वेगवेगळ्या फाइलींत असतात, पण तंबोरा मात्र दोन्हींमध्ये अखंड चालू असतो. एमपीथ्री फाइलीच्या दोन्ही टोकांना शांततेची बारीकशी भर पडत असल्यामुळे सांध्यावर तंबोरा तुटतो. फ्लॅकमध्ये असे होत नाही, फक्त प्लेअरची ‘गॅपलेस’ सोय सुरू असावी लागते. आवाजाची पातळी सारखी करणाऱ्या ‘रिप्लेगेन’ या सोयीतही अल्बमनिहाय पर्याय निवडावा. गाणेनिहाय पर्यायात मंद आलापी आणि चढत गेलेली द्रुत एकाच पातळीवर आणली जाते व गायकाने बांधलेला चढ सपाट होतो.

आज्ञावली : फाइलीतील बिट वाटेत न बदलता डॅकपर्यंत पोहोचणे या अवस्थेस ‘बिट-परफेक्ट’ म्हणतात. अशा प्लेअरवर चालणाऱ्या लिनक्स या संगणकप्रणालीतील आल्सा ही ध्वनिव्यवस्था अनेक आवाज एकत्र मिसळण्याच्या सोयीसाठी पुष्कळदा सर्वच आवाज सेकंदाला ४८,००० नमुन्यांवर नेते. एमपीडीच्या मांडणीत हार्डवेअरशी थेट जोडणी निवडली की हे रूपांतर टळते. आवाजाची कळ प्लेअरमध्ये पूर्ण ठेवून कमीजास्त अ‍ॅम्प्लिफायरवर करावे, असेही सांगितले जाते. १६ बिटच्या मार्गावर दर ६ डेसिबल कपातीमागे एक बिट खर्ची पडतो म्हणून हा सल्ला योग्यच आहे. परंतु डॅकपर्यंतचा मार्ग २४ बिटचा असेल तर नेहमीच्या ऐकण्यात ही कपात कळण्याजोगी नसते. प्रोसेसरचा वेग बांधून टाकणे, ब्लूटूथ व एचडीएमआय बंद करणे, रिअल-टाइम कर्नल (वेळ काटेकोर पाळणारा प्रणालीचा गाभा) घालणे अशा उपायांची चर्चा फार होते. त्यांनी एकही बिट बदलत नाही. आवाज अडखळत असेल तरच त्यांचा उपयोग आहे.

नेटवर्क : नेटवर्कवरची माहिती पाकिटांच्या रूपाने येते, हरवलेले पाकीट पुन्हा मागवले जाते, आणि जमा झालेली माहिती बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, थांबून मगच पुढे जाते. म्हणून नेटवर्क कमजोर असेल तर गाणे थांबते किंवा तुटते, पण त्याचा गोडवा कमी होत नाही. २४ बिट व १,९२,००० नमुन्यांचा ओघसुद्धा सेकंदाला सव्वानऊ मेगाबिटच्या आत राहतो, त्यामुळे १०० मेगाबिटची साधी केबल त्याला पुरून उरते. बेळगावातील शहापूर किंवा खडेबाजारच्या बाजूच्या जुन्या घरांत दगडमातीच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय अडवतात. तेथे केबल ओढणे बरे, आणि ते शक्य नसल्यास २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीची वाहिनी निवडावी.

डॅक आणि घड्याळ : डॅकमध्ये नमुने नेमक्या क्षणी बाहेर पडावे लागतात, त्यातील सूक्ष्म अनियमिततेस जिटर म्हणतात. रास्पबेरी पायच्या स्वतःच्या घड्याळाच्या वेगाला ४४,१०० ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून चांगल्या डॅक-पट्ट्यांवर (पायला जोडायच्या सर्किट-बोर्डांवर) २२.५७९२ व २४.५७६ मेगाहर्ट्झचे दोन स्वतंत्र स्फटिक बसवून वेळेचे नियंत्रण पट्टीकडेच ठेवतात. असिंक्रोनस यूएसबी डॅकमध्येही हेच तत्त्व असते. एकदा घड्याळ डॅकच्या ताब्यात गेले की डॅकच्या आधीच्या वाटेवर काय घडते याला फारसे महत्त्व उरत नाही.

वीज आणि अर्थिंग : बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या यंत्रमागांच्या गल्ल्यांत आणि उद्यमबागेच्या आसपासच्या वस्तीत २३० व्होल्टच्या तारेवर मोटारींचा विद्युत्-कचरा येतो. इन्व्हर्टर ‘स्क्वेअर वेव्ह’ प्रकारचा असेल तर लाईट गेल्यावर अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणू लागतो. संगीताच्या खोलीपुरता तरी ‘साइन वेव्ह’ इन्व्हर्टर असावा. प्लेअरचा स्वस्त अ‍ॅडाप्टर बदलून चांगल्या प्रतीचा घेणे योग्य. मात्र त्यापुढे जाऊन अ‍ॅडाप्टरवर अ‍ॅम्प्लिफायरहून अधिक खर्च करण्यास आधार सापडत नाही.

स्पीकरमधून येणारी ५० हर्ट्झची घरघर बहुधा अर्थिंगच्या फेऱ्यातून उद्भवते : अ‍ॅम्प्लिफायरचे अर्थिंग एका ठिकाणी, टीव्हीच्या केबलचे आवरण दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्हींना जोडणारी ध्वनीची तार. टीव्हीची केबल क्षणभर काढून पाहिली की दोष लगेच ओळखता येतो. सर्व यंत्रे एकाच बोर्डावर घेणे आणि नेटवर्कची तार धातूचे आवरण नसलेली साधी यूटीपी वापरणे हे उपाय पुरेसे असतात, कारण इथरनेटच्या दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे ती तार मुळातच विलग असते. घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कापण्याची वाईट सवय अनेक ठिकाणी दिसते. ती जिवावर बेतू शकते आणि कोणत्याही परिस्थितीत करू नये. जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. मीठ-कोळसा तपासून त्यात पाणी घालत राहणे हे काम मे महिन्यात तरी अवश्य करावे. एप्रिल-मेच्या वळवात गच्चीवरून आलेल्या तांब्याच्या तारेतून विजेचा झटका थेट राउटर व प्लेअरपर्यंत पोहोचतो, म्हणून गडगडाट ऐकू येताच नेटवर्कची तारही काढावी. केवळ बटण बंद करून भागत नाही. खानापूरच्या पावसाळी भागात वीज वारंवार जात असल्यास मेमरी कार्डावरील मांडणी बिघडते. सारी प्रणाली रॅममध्ये चढवून चालणारी पायकोअरप्लेअरसारखी आज्ञावली तेथे अधिक टिकते.

खोली आणि स्पीकर : आवाज घडतो तो शेवटी खोलीत. दहा बाय बाराच्या खोलीत लांबीच्या दिशेने सुमारे ४७ हर्ट्झ व रुंदीच्या दिशेने सुमारे ५६ हर्ट्झ येथे हवा घुमते, आणि त्यांच्या दुप्पट, म्हणजे ९४ व ११२ हर्ट्झलाही घुमते. डग्ग्याची घुमक याच परिसरात असल्यामुळे एका कोपऱ्यात बसलेल्याला तबला फुगलेला वाटतो, तर खोलीच्या मधोमध बसलेल्याला पोकळ. काळी एक पट्टीच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर लागते; लहान स्पीकर तो मूलस्वर जवळजवळ देतच नाहीत व कान तो वरच्या स्वरांवरून जुळवून घेतो. म्हणूनच लहान स्पीकरवरही तंबोरा ओळखीचा वाटतो, पण भरलेला वाटत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याचा नाद ज्यांनी समोर बसून ऐकला आहे, त्यांना हा फरक चटकन जाणवतो.

शहाबादी फरशी आणि गिलाव्याच्या उघड्या भिंती वरचे स्वर परतवतात, त्यामुळे व्यंजने टोचतात व शब्द अस्पष्ट होतात. स्पीकर मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्यावेत, त्यांच्यासमोर सतरंजी किंवा घोंगडे अंथरावे, आणि बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत नेऊन ज्या जागी बसल्या ठिकाणाहून स्पीकर दिसतो तेथे जाड वाकळ टांगावी. वाकळ फक्त वरचे स्वर शोषते. खालच्या घुमाऱ्यासाठी जाडीच लागते, आणि कोपऱ्यात रचलेली गाद्यांची चवड या कामी थोडाफार हातभार लावते. मंगळुरी कौलांच्या घरात छत उतरते व फटींचे असल्याने स्लॅबच्या खोलीपेक्षा घुमारा कमी असतो.

एवढे करूनही उरलेले उंचवटे, म्हणजे खोलीत जास्त मोठे होणारे स्वर, मापनाच्या मायक्रोफोनने शोधून कॅमिलाडीएसपीसारख्या आज्ञावलीने उतरवता येतात. उंचवटे कापावेत, खड्डे (दबणारे स्वर) मात्र भरू नयेत. खड्ड्यात ओतलेली शक्ती भिंतींच्या परावर्तनात विरते आणि स्पीकरवर नाहक ताण येतो. या दुरुस्तीने बिट बदलतात, आणि त्याबद्दल खंत बाळगण्याचे कारण नाही : तिचा कानाला होणारा लाभ वरील कोणत्याही बिट-परफेक्ट मांडणीहून मोठा असतो.

पारख : जरासा मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला भासतो, म्हणून तुलना करताना दोन्ही मांडण्यांची पातळी डेसिबलच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत सारखी करणे आवश्यक आहे. बदल घरातील दुसऱ्या व्यक्तीने नाणे उडवून करावा, ऐकणाऱ्याने तो न पाहता उत्तर लिहावे, आणि किमान सोळा फेऱ्या घ्याव्यात. त्यांपैकी बारा बरोबर आल्या तर फरक कळतो असे मानण्यास जागा आहे. ऐकण्यासाठी एकच तंबोऱ्याचा तुकडा व एकच परिचित गळा निवडावा. पावसाळ्यात पत्र्यावर आणि कौलांवर कोसळणाऱ्या सरींत हे काम साधत नाही. डिसेंबर-जानेवारीत पंखे बंद असतात व रात्री दहानंतर गल्ली निवते, तेव्हा ते करावे.