दोरीसाठी पेरलेली भाजी: सातारा-सांगलीतल्या अंबाडीची पार्श्वभूमी

परसात किंवा कुंडीत अंबाडी लावणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. रोप सरळसोट वाढते, कमरेच्या वर जाते, पण एका वेळच्या भाजीपुरताही पाला हाती लागत नाही. बी खराब नसते आणि मातीही बरी असते. शेतात अंबाडी जशी वाढवायचे तशीच ती घरी वाढवली जाते, तिथे घोटाळा होतो. शेतातली अंबाडी दोरखंडासाठी पेरलेली असायची आणि भाजी हा त्यातला वरचा लाभ होता. ही गोष्ट लक्षात घेतली की अंबाडी आपल्या शेतांतून का गेली हे कळते, आणि घरी ती कशी लावावी हेही कळते.

अंबाडी मूळची आफ्रिकेतली, पण दख्खनमध्ये ती फार जुन्या काळापासून रुळलेली आहे. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरांत तिची नोंद धाग्याच्या पिकांत, तागाच्या शेजारी सापडते. इंग्रज व्यापारी तिच्या धाग्याला ‘डेक्कन हेम्प’ म्हणत. आंध्रच्या किनाऱ्यावरच्या भीमुनिपट्टणम बंदरातून जो धागा बाहेर जाई, त्याला ‘बिमलीपटम ज्यूट’ हे नाव पडले. 1947 च्या फाळणीत ताग पिकवणारा मोठा मुलूख पूर्व पाकिस्तानात गेला आणि गिरण्या कोलकात्याच्या आसपास राहिल्या. तेव्हा तागाला पर्याय म्हणून सरकारने देशभर अंबाडीवर्गीय पिकांना, म्हणजे ‘मेस्ता’ला, उत्तेजन दिले. आपल्याकडची अंबाडी मात्र गिरणीच्या वाटेला फारशी गेली नाही. ती गावातच वळली जायची आणि गावातच झिजायची.

आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग एकेकाळी सातारा जिल्ह्यात होता. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली झाले. माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंतच्या कमी पावसाच्या पट्ट्यात पेरणीची रीत बरीचशी सारखी आहे. मृगाच्या पावसावर बाजरी पेरताना पेरणीच्या पाभरीमागे मोघण, म्हणजे बी सोडायची नळी, बांधायचे आणि त्यातून ठराविक अंतराने तूर, मटकी किंवा अंबाडीची ओळ सोडायची. कुठे ती बांधाच्या कडेने टाकायची. तिच्यासाठी वेगळे रान कोणी ठेवत नसे.

शेतकऱ्याला दोर किती लागत असे, याचा अंदाज आज येणे कठीण आहे. बैलाची वेसण, मोरखी, कासरा, दावे, गाडीचे चऱ्हाट, वैरणीचे आळे, दह्यादुधाचे शिंके. विहिरीवर मोट असेल तर चाकावरून जाणारा जाड नाडा आणि मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक सोंदूर. ओले-कोरडे होऊन नि घासून हे दोर झिजत आणि पुन्हा वळावे लागत. अंबाडी, ताग, केकताड (घायपात), जे हाताशी असेल त्याचा वाक, म्हणजे धागा, त्यात जाई. दोर वळण्याचे कसब मातंग समाजातल्या कारागिरांकडे होते आणि बलुत्याच्या व्यवहारात त्याचा मोबदला धान्यात मिळे. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, बैलाच्या अंगावर नवा दोर पाहिजेच, म्हणून उन्हाळ्यात वळणीला जोर येई.

धागा काढायची वेळ फार नेमकी असते. झाडाला फुले लागू लागली की धागा सर्वांत चांगला असतो. बोंडे पक्की होईपर्यंत थांबले तर तो जाड आणि ठिसूळ होतो. त्यामुळे बियासाठी चार-दोन झाडे राखून बाकीची अश्विन-कार्तिकात कापली जात. पेंढ्या बांधून ओढ्यात किंवा डबक्यात बुडवायच्या, वर दगड ठेवायचे आणि 10 ते 15 दिवस कुजू द्यायच्या. पूर्वेकडच्या तालुक्यांत हीच वेळ पत्करावी लागे, कारण पौषानंतर ओढ्याला पाणी नसते. बुडख्याकडची साल अंगठ्याने दाबून पाहायची. ती काडीवरून अलगद सरकली की पेंढी बाहेर काढायची. आधी काढली तर साल काडीला चिकटून राहते, दोन-चार दिवस जास्त राहिली तर धागाच कुजतो आणि ओढला की तुटतो. मग काडी मोडून साल बुडख्याकडून शेंड्याकडे सोलायची, पाण्यात आपटून धुवायची आणि वाळवायची. पाण्याला घाण सुटते, म्हणून पिण्याच्या विहिरीत हे काम कधीच करत नसत.

या धाग्याला लांबी हवी असते आणि लांबी हवी तर झाडाला फांद्या फुटता कामा नयेत. म्हणून अंबाडी दाट पेरायची आणि तिचा शेंडा अजिबात खुडायचा नाही. मग भाजी यायची कुठून? भांगलणीतून. दाट झालेली रोपे बाया उपटत आणि त्यांचा पाला ओटीत भरून घरी आणत. पुढे उभ्या झाडाची खालची कोवळी पाने तेवढी तोडत. आषाढ-श्रावणात घरोघरी जी अंबाडी शिजायची ती मुख्यतः विरळणीची. तिच्यावर वेगळा खर्च नव्हता, म्हणून ती सगळ्यांना परवडत होती.

पुढे दोराची गरजच आटली. 1910 मध्ये औंध संस्थानात, आजच्या पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथले लोखंडी नांगर आधी गाजले, पुढे पंपही तिथेच तयार होऊ लागले. इंजिने आणि विजेच्या मोटारी आल्या तशी मोट बंद पडली आणि नाड्या-सोंदूराचे काम संपले. नायलॉनचा दोर बाजारात आला, तो कुजत नाही आणि स्वस्तही पडतो. ट्रॅक्टरने बैल कमी केले. कृष्णाकाठी ऊस पसरला, त्यात मिसळपेर राहिली नाही, आणि पुढे टू-फोर-डी सारखी रुंद पानांवर चालणारी तणनाशके आली. अंबाडी, चाकवत, तांदुळजा सगळ्यांनाच ती मारतात. भाजीची चव कोणी विसरले नव्हते, तरीही ती गेली, कारण ती ज्याच्या आधाराने शेतात उभी होती ते काम गेले. हे नुकसान मोठे आहे. लोह, कॅल्शियम, कॅरोटीन आणि क जीवनसत्त्व देणारी भाजी ताटात फुकट पडत होती, ती आता मंडईतून जुडीने आणावी लागते.

म्हणून परसातली अंबाडी दोराच्या रीतीच्या बरोबर उलट वाढवायची: विरळ लावायची, लवकर खुडायची आणि फांद्या मुद्दाम फुटू द्यायच्या.

आधी कोणती अंबाडी ते ठरवा. हिरव्या देठाची, भांगेसारख्या चिरलेल्या पानांची आणि खोडावर बारीक काटे असलेली ती धाग्याची अंबाडी. लाल देठाची, जिच्या मांसल लाल बोंडांचे सरबत आणि चटणी होते, ती वेगळी जात. आंध्रचा गोंगुराही याच कुळातला. पाला दोन्हींचा खातात. कुंडीत आधी वांगी, टोमॅटो किंवा भेंडी होती आणि उपटताना मुळांवर गाठी दिसल्या असतील, तर त्या मातीत सूत्रकृमी आहेत. हिरवी अंबाडी त्यांना लगेच बळी पडते, लाल बऱ्यापैकी तग धरते. तिथे लालच लावा.

अंबाडीला दिवस लहान होऊ लागले की फूल येते. जूनमध्ये पेरलेली अंबाडी सप्टेंबर अखेरपर्यंत पाला देते. तीच सप्टेंबरमध्ये पेरली तर गुडघ्याएवढी असतानाच कळी धरते, पाने लहान होतात आणि देठ चिवट. फेब्रुवारीतल्या पेरणीतही काही रोपे अशीच लवकर कळ्यांवर येतात, कारण दिवस अजून लहान असतो. उन्हाळी पेर करायची तर एप्रिलच्या मध्यानंतर करावी. महिन्याभरात मुळासकट उपटून एकदाच भाजी करायची असेल तर कडाक्याची थंडी सोडून कधीही पेरता येते.

एक मीटर लांब, एक मीटर रुंद वाफ्याला चांगले कुजलेले एक घमेलेभर शेणखत मिसळावे. एका वितीपेक्षा थोड्या जास्त, म्हणजे 30 सेंटीमीटर अंतरावर तीन ओळी पाडाव्यात आणि बी 2 सेंटीमीटरपेक्षा खोल टाकू नये. दोन ग्रॅम बी पुरते. उबदार हवेत चार ते सहा दिवसांत उगवण होते. रोपे बोटभर झाली की दोन रोपांत 10 ते 12 सेंटीमीटर ठेवून बाकीची उपटावीत, हीच पहिली भाजी. कुंडी असेल तर किमान फूटभर खोल घ्यावी आणि 12 इंची कुंडीत तीनपेक्षा जास्त रोपे ठेवू नयेत.

कृष्णाकाठच्या काळ्या मातीत पाणी तुंबले की कोवळी रोपे पिवळी पडतात आणि जमिनीलगत खोड काळे होऊन कुजते. त्यावर औषध मारून उपयोग होत नाही. वाफा वीतभर उंच करणे हाच उपाय. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे तर मुसळधार पावसाआधी रोपे वीतभर झालेली हवीत.

रोप 30 सेंटीमीटरचे झाले, म्हणजे साधारण 30 ते 35 दिवसांनी, वरचा 10-12 सेंटीमीटर शेंडा खुडायचा आणि खाली तीन-चार पेरी राखायची. प्रत्येक पेराला फूट निघते. पुढे दर 12 ते 15 दिवसांनी याच रीतीने तोडणी करावी. खालपासून ओरबाडून पाने काढली तर झाड पुन्हा उंचच जाते. तोडणीनंतर बुंध्यापासून जरा लांब मूठभर गांडूळखत द्यावे. युरिया जास्त झाला की पाला लुसलुशीत दिसतो, पण त्यावर मावा तुटून पडतो. पानांना बारीक भोके दिसली तर ते उड्या मारणारे लहान भुंगेरे असतात आणि थोड्या भोकांनी भाजीचे काही बिघडत नाही. पिठ्या ढेकूण दिसले की तो शेंडाच कापून टाकावा, शेजारच्या जास्वंदीवरही पाहावे. शिरा पिवळ्या पडून पान जाळीसारखे दिसू लागले तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू आहे. ते रोप उपटावे.

आता भाजी. चार माणसांना पाव किलो निवडलेली पाने, 50 ग्रॅम तूरडाळ, 50 ग्रॅम ज्वारीच्या कण्या आणि दोन चमचे शेंगदाणे. कण्या अर्धा तास भिजत घालाव्यात. डाळ आणि दाणे वेगळे शिजवावेत. पाल्याबरोबर टाकले तर आंबटपणामुळे डाळ तासभर शिजवूनही टणकच राहते. पाला पाच मिनिटे उकळून पाणी काढावे. फार आंबट नको असेल तर ते फेकतात, पण त्याबरोबर क जीवनसत्त्वही जाते. कोवळ्या पाल्याचे पाणी ठेवायला हरकत नाही. मूतखड्याचा त्रास असेल त्यांनी मात्र ते टाकावे आणि भाजीही बेताने खावी. मग पाला घोटून त्यात कण्या, डाळ, दाणे, हिरवी मिरची, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून कण्या मऊ होईपर्यंत शिजवावे. दहा-बारा पाकळ्या लसूण ठेचून तीन चमचे शेंगतेलात लाल करावा आणि वाढताना वरून ओतावा. तेलात हात आखडला तर ही भाजी घशाखाली उतरत नाही.

भांडे स्टीलचे किंवा मातीचे घ्यावे. कल्हई नसलेल्या पितळेत भाजी कळकते, अ‍ॅल्युमिनियमला आंबट चावते. लोखंडी कढईत रंग काळपट येतो, पण थोडे लोह भाजीत उतरते.

बियासाठी दोन झाडे पहिल्यापासून बाजूला ठेवावीत आणि त्यांचा शेंडा खुडू नये. डिसेंबरच्या सुमारास बोंडे वाळली की हातमोजे घालून काढावीत, त्यांची कूस कातडीत घुसून खाजवते. बी तेलकट असल्याने जुने होईल तशी उगवण घटते. मेमध्ये 20 बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहाव्यात. 15 च्या खाली उगवल्या तर पेरताना बी दीडपट घ्यावे.