ब्रेक पॅड की ब्रेक शू? ‘ब्रेक सेट’चं बिल भरण्याआधी हे बघा

परवा इंदूरला राजेंद्रनगरात आमच्या शेजारच्या काकांनी हाक मारून एस्टिमेटचा कागद दाखवला, गाडी वॅगनआर, ४२,००० किलोमीटर चाललेली, आणि कागदावर एकच ओळ: ब्रेक सेट, चारही चाकं, ७,४०० रुपये. काका म्हणाले, "अरे ब्रेकचा मामला आहे, नाही तरी कसं म्हणू?" मी म्हटलं काका, पैसे द्या पण आधी विचारा की ह्यात पॅड किती आणि शू किती, कारण त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि एकाच वेळी घासून संपत नाहीत.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क (चाकासोबत फिरणारी लोखंडी चकती) असते आणि मागे ड्रम (चाकासोबत फिरणारा डब्यासारखा पोकळ भाग). पुढच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखं दाबतात ते पॅड. मागच्या ड्रमच्या आत अर्धचंद्रासारखे दोन तुकडे असतात, ब्रेक मारला की ते बाहेरच्या बाजूला पसरून ड्रमला आतून घासतात, ते शू. घर्षणाचा मसाला दोघांवरही असतो म्हणून बोलताना सगळं 'ब्रेक' ह्या एकाच शब्दात जातं आणि बिलातही तसंच येतं.

आता ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे थांबवण्याचं साधारण ७० टक्के काम पुढची चाकं करतात. म्हणून पॅड लवकर जातात, शहरातल्या गाडीत ३० ते ५० हजार किलोमीटर धरा, आणि राजवाडा-छावणीच्या ट्रॅफिकमध्ये रोज जाणं असेल तर त्याहून आधीही. शू मात्र बरेचदा त्याच्या दुप्पट चालतात. नवा पॅड साधारण १० मिलीमीटर जाड असतो, ३ च्या आसपास आला की बदलायचा. आणि हो, चाकाच्या फटीतून जो दिसतो तो बाहेरचा पॅड, आतला बरेचदा जास्त घासलेला असतो, विशेषतः कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या त्या चिमट्याच्या) पिना जाम झाल्या असतील तर, म्हणून चाक काढूनच बघायला सांगा.

लक्षणंही वेगळी आहेत. पॅड संपत आले की ब्रेक मारताना बारीक चीं असा आवाज येतो (बऱ्याच पॅडना त्यासाठीच एक पत्रा लावलेला असतो), आणि दुर्लक्ष केलं की खर्रर्र, म्हणजे लोखंडावर लोखंड, मग डिस्कही बदलावी लागते आणि खर्च सरळ दुप्पट-तिप्पट. शूचं आधी हँडब्रेकवर कळतं, लिव्हर पूर्वीपेक्षा खूप वर ओढावा लागतो कारण ड्रमवाल्या गाडीत हँडब्रेक मागच्या शूवरच चालतो. पण इथे घाई नको, कित्येकदा शू चांगले असतात, फक्त ड्रम उघडून धूळ साफ करून सेटिंग करायचं असतं, तीन-चारशे रुपयांत भागतं. पावसाळ्यात गाडी दोन दिवस हँडब्रेक लावून उभी राहिली की शू ड्रमला चिकटतात, त्यालाही लोक खराबी समजतात. शू खरंच तातडीने बदलायचे ते व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू पसरवणारा ड्रममधला भाग) गळून मसाल्यावर ब्रेक ऑइल पडलं तर, आणि तेव्हा सिलिंडरचं काम केल्याशिवाय नुसते शू टाकून काही उपयोग नाही.

काकांची गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली, चारही चाकं काढली. पुढचे पॅड २ मिलीमीटर राहिलेले, ते बदलणं भागच होतं. शू अर्ध्याहून जास्त शिल्लक! चांगल्या कंपनीचे पॅड १,४५० रुपये, मजुरी ५००, मागची साफसफाई ३५०, एकूण २,३००. जुने पॅड मी मागून घेऊन काकांच्या हातात दिले, बघितल्यावर त्यांना लगेच समजलं.

पॅड किंवा शू, दोन्ही बदलताना एका अॅक्सलच्या, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीच्या, दोन्ही चाकांचे सोबतच बदला, एका बाजूचे नवे आणि दुसऱ्या बाजूचे जुने ठेवले तर गाडी एका बाजूला ओढते. घरातलं जुनं बिल काढून दर ताडत असाल तर लक्षात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्ट्सवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. आणि ब्रेक ऑइलची लेव्हल खाली दिसली म्हणून लगेच वरून ओतू नका, पॅड झिजले की ती आपोआप उतरते, आधी पॅड बघा.

काकांना रविवारी खंडवा रोडने ओंकारेश्वरला जायचं होतं, ते मी पुढे ढकलायला लावलं. नवे पॅड डिस्कवर बसायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात, तोवर जोरात ब्रेक टाळायचे असतात, आणि सिमरोलच्या पुढे घाट आहे. आता ते पुढच्या महिन्यात जाणार आहेत, काकूंना घेऊन.