कोबी ब्रायंटला ४.८५ कोटी डॉलर कशाचे मिळाले?

१२ एप्रिल २०१३ रोजी लॉस एंजेलिस लेकर्स या बास्केटबॉल संघाच्या कोबी ब्रायंटचा डाव्या पायाचा अकिलिस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा जाड पट्टा, सामना चालू असताना तुटला. सात महिन्यांनी, तो पुन्हा खेळायला उभा राहण्याआधीच, संघाने पस्तिशीतल्या कोबीशी दोन वर्षांचा ४.८५ कोटी डॉलरचा करार केला. खूप टीका झाली, आणि शरीरशास्त्र टीकाकारांच्याच बाजूचं होतं.

त्याच वर्षी डेन्मार्कमधल्या संशोधकांनी या टेंडनचं वय मोजलं. अणुचाचण्यांमुळे १९६०च्या सुमारास हवेतला कार्बन-१४ एकदम वाढला होता, पुढे तो घटत गेला. त्यामुळे शरीराचा एखादा भाग साधारण कधी घडला, हे त्यातल्या कार्बनवरून ओळखता येतं. अकिलिसचा गाभा उंची वाढण्याच्या वयात, सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो. त्यानंतर तो जवळजवळ बदलतच नाही, असं त्यांना दिसलं. कोबी एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, निवडला गेला तोच सतराव्या वर्षी! त्या एका गाभ्यावर त्याने सतरा हंगाम उड्या मारल्या. शिवाय उडीला बळ देणारे वेगवान स्नायुतंतू वयाबरोबर आधी बारीक होतात. हाताचा नेम आणि खेळाची समज त्यामानाने टिकतात.

करार झाल्यावर त्या हंगामात तो जेमतेम सहा सामने खेळला, मग गुडघ्याचं हाड मोडलं. २०१५-१६च्या शेवटच्या हंगामात त्याचे ३५.८ टक्केच फटके बास्केटमध्ये गेले आणि लेकर्सनी ८२पैकी १७ सामने जिंकले.

तरीही हे पैसे त्याचे हक्काचे होते, असं मी ठामपणे म्हणेन. २००५-०६मध्ये तो सामन्यामागे सरासरी ३५.४ गुण करत होता, टोरांटोविरुद्ध एका सामन्यात एकट्याने ८१ केले. तेव्हाही त्याचा पगार लीगने एका खेळाडूसाठी ठरवलेल्या कमाल पगारात अडकलेला होता. उशिरा मिळाली ती त्या वर्षांची थकबाकी.

फक्त ती भरताना संघाची पगारमर्यादा, म्हणजे सगळ्या खेळाडूंच्या पगारासाठी मिळून ठरलेली रक्कम, खर्ची पडते आणि सोबत्यांसाठी कमी उरतं. सॅन अँटोनिओ संघाच्या टिम डंकनने २०१२मध्ये स्वतःचा पगार जवळपास निम्मा करून घेतला आणि २०१४मध्ये, अडतिसाव्या वर्षी, विजेतेपद मिळवलं. पण असा त्याग खेळाडूकडून मागणं मला पटत नाही. एनबीएत कमाल पगार सहा वर्षांपर्यंतच्या अनुभवाला संघाच्या पगारमर्यादेच्या २५ टक्के, पुढे ३० आणि दहा वर्षांनंतर ३५ टक्के असतो. शरीर ऐन भरात असतानाची ती २५ टक्क्यांची पायरीच आधी वाढवायला हवी.