खुलासा : पिनची डिफॉल्ट स्थिती ड्रायव्हरनेच निवडावी लागते का?

नाशिकच्या अंबड-सातपूरकडे एम्बेडेड लिनक्सवर (उपकरणांतल्या छोट्या बोर्डांवर चालणाऱ्या लिनक्सवर) काम सुरू करणाऱ्या मुलांना अजूनही सांगितलं जातं, की ड्रायव्हरच्या प्रोबमध्ये (डिव्हाइस जुळल्यावर चालणाऱ्या सुरुवातीच्या फंक्शनमध्ये) पिनकंट्रोलची, म्हणजे चिपची कोणती पिन कोणत्या कामाला हे ठरवणाऱ्या यंत्रणेची, डिफॉल्ट स्थिती स्वतः निवडली नाही तर पिना चालतच नाहीत. हे एकेकाळी खरं होतं. २०१३ मध्ये आलेल्या ३.९ कर्नलपासून मात्र डिव्हाइस ट्रीत (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलीत) दिलेली 'डिफॉल्ट' स्थिती ड्रायव्हर कोर (सगळे ड्रायव्हर सांभाळणारा कर्नलचा भाग) प्रोबच्या आधीच लावतो. 'इनिट' स्थिती दिली असेल तर आधी ती लागते आणि प्रोब यशस्वी झाल्यावर डिफॉल्ट.

समजा, द्राक्षबागेतला ओलाव्याचा सेन्सर आयटूसीवर (दोन तारांच्या सिरियल बसवर) जोडलाय. डिव्हाइस ट्रीत दोन पिनांचा गट लिहायचा, त्याला 'डिफॉल्ट' नाव द्यायचं, की झालं. फक्त हे आयटूसी कंट्रोलरच्या नोडमध्ये (डिव्हाइस ट्रीतल्या त्याच्या नोंदीत) लिहा, सेन्सरच्या नाही. खरी गफलत बहुतेक वेळा इथेच होते आणि खापर ड्रायव्हरवर फुटतं.

'मग सगळंच आपोआप होतं' हा उलटा समजही तितकाच घातक. 'स्लीप' स्थिती कोर शोधून ठेवतो, पण लावत नाही. सस्पेंडमध्ये (बोर्ड झोपताना) ती निवडणं आणि रिझ्युममध्ये (जागा होताना) डिफॉल्टवर परतणं ही जबाबदारी ड्रायव्हरची. बॅटरीवरच्या बोर्डात हे विसरणं महागात पडतं.

आणि पंप चालू-बंद करणारा रिले? रीसेटपासून प्रोबपर्यंत पिन चिप किंवा बूटलोडरने (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामने) ठेवलेल्या अवस्थेत असते. तेवढ्या वेळात पंप सुरू होऊ नये, यासाठी रिले हाय सिग्नलवर चालू होणारा असेल तर बोर्डावर पुल-डाउन रेझिस्टर (पिन शून्य व्होल्टकडे ओढून ठेवणारा) लावा.