ओले हात आणि नखाभोवतीची बुरशी

सोलापुरात विडीसाठी तेंदूची पाने भिजवून कापणाऱ्या, कडक भाकरीसाठी तासन्‌तास ज्वारीचे पीठ मळणाऱ्या आणि शिवाय घरची धुणीभांडी उरकणाऱ्या स्त्रियांचे हात दिवसातून क्वचितच पूर्ण कोरडे होतात. नखाच्या मुळाशी कातडी लाल होऊन फुगणे आणि दाबल्यावर दुखणे, हा त्रास अशाच हातांना अधिक होतो.

नख आणि त्यावर येणारी कातडी यांच्यामधील फट एक पातळ पापुद्रा बंद ठेवतो. त्यालाच क्यूटिकल म्हणतात. सततच्या पाण्याने व साबण-सोड्याने तो झिजला, किंवा सौंदर्यासाठी कापून टाकला, की फट उघडी पडते, ओल आत साचते आणि कॅन्डिडा ही यीस्ट प्रकारची बुरशी तेथे वाढते. ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडात व आतड्यांत असतेच. म्हणून तिला मूळ दोषी न मानता उघड्या दाराने आत शिरलेली मानणे मला अधिक योग्य वाटते. मधुमेहींना हा धोका जास्त असतो.

आपण सरसकट ‘नखुरडे’ म्हणतो, पण एकदोन दिवसांत ठणका लागून पू धरणारे दुखणे बहुधा जिवाणूंचे असते आणि पू काढावा लागू शकतो. सहा आठवड्यांहून अधिक रेंगाळणारी, नखावर आडव्या वळ्या पाडणारी सूज वेगळी. तिच्यात मुख्य दोष कातडीच्या दाहाचा असल्याने डॉक्टर बुरशीनाशक मलमासोबत, कधी त्याऐवजीही, दाह कमी करणारे स्टेरॉइड मलम देतात. ते दुकानातून स्वतःच आणून लावू नये, कारण चुकीच्या जागी त्याने बुरशी फोफावते. लिंबात बोट खुपसण्याचा घरगुती उपायही टाळावा. सोललेल्या कातडीला आंबट रस आणखी झोंबतो.

हात कोरडे राहिले नाहीत, तर कोणतेही मलम फार काळ पुरत नाही. भांडी घासताना आतून सुती व वरून रबरी हातमोजे घालावेत, सुती मोजे ओले होताच बदलावेत, काम संपल्यावर बोटांच्या बेचक्यांसह हात टिपून त्यांना साधे व्हॅसलिन लावावे आणि क्यूटिकल कापू किंवा कोरू नये. हाताचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढते. त्यामुळे सूज उतरल्यावरही वेडेवाकडे नख पूर्ण बदलायला सुमारे सहा महिने लागतात, आणि तोवर ही काळजी चालू ठेवावी लागते.