बिनपगारी राखणदारांच्या संपामागची पंचवीस वर्षं

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. गावभाग पाण्यात, वीज गेलेली, आणि आमच्या गल्लीच्या ग्रुपवर मेसेज थांबता थांबत नव्हते. त्या ग्रुपच्या तीन ॲडमिनांपैकी मी एक. रात्री अडीचच्या सुमाराला कोयनेचे सगळे दरवाजे उघडल्याचा एक व्हिडिओ पडला. भिंत बघितल्यावर लक्षात आलं, ही कोयना नाहीच. तेव्हा दुसऱ्याचा मेसेज ॲडमिनला काढता येत नसे. ज्यांनी टाकला त्या काकांना फोन लावला, ‘काका, तेवढा काढा, वरच्या मजल्यावरची माणसं रात्रीच्या अंधारात बाहेर पडायचं म्हणतायत.’ त्यांनी लगेच काढला. मग विसर्गाचा खरा आकडा मिळवून टाकला, फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय चालू केली, आणि बोट कुठं हवी ते पत्ते फोनवर घेऊन एकेक वर चढवत बसलो. पॉवर बँक संपेपर्यंत.

हेच काम जगभर लाखो माणसं रोज करतात. कुठं त्यांना ॲडमिन म्हणतात, कुठं मॉडरेटर. शिवीगाळ काढायची, जाहिराती हटवायच्या, भांडणं सोडवायची, नवख्याला वाट दाखवायची. पगार नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी विषयवार गटांत गप्पा चालणाऱ्या रेडिट या एकट्या साइटवरच्या मॉडरेटरांच्या वेळेचा हिशोब मांडला. तो वर्षाला कमीत कमी ३४ लाख डॉलरच्या मजुरीएवढा भरला. तरीही २०२३ च्या जूनमध्ये हे लोक जेव्हा संपावर गेले, तेव्हा त्यांची मागणी पैशांची नव्हती. ती कशाची होती हे समजायला बरंच मागं जावं लागतं.

पैशांवरून झालेला मोठा तंटा एकच, आणि तो सगळ्यात जुना. नव्वदच्या दशकात अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या गप्पांच्या खोल्या हजारो स्वयंसेवक सांभाळत. त्या बदल्यात त्यांना इंटरनेट फुकट मिळे. तासावर पैसे मोजायचे दिवस होते तोवर हा मोबदला चांगला होता. १९९६ च्या डिसेंबरात कंपनीनं महिन्याला ठराविक १९.९५ डॉलर असा दर लावला आणि त्या फुकटाची किंमत एका झटक्यात घसरली. काम मात्र नोकरीसारखंच राहिलं, ठरलेल्या पाळ्या आणि अहवालांसकट. १९९९ मध्ये दोघा माजी स्वयंसेवकांनी किमान वेतनासाठी दावा लावला. तो मिटायला जवळजवळ अकरा वर्षं गेली. तडजोड दीड कोटी डॉलरवर झाली.

२००२ मधलं स्पॅनिश विकिपीडियाचं भांडण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण पुढच्या सगळ्या संपांचा नमुना तिथं सापडतो. साइटवर जाहिराती येणार अशी चर्चा सुरू झाली. लिहिणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यातले बरेचजण बाहेर पडले आणि लेख सोबत घेऊन सेव्हिल विद्यापीठाच्या सर्व्हरवर त्यांनी वेगळा ज्ञानकोश उभा केला. मजकूर मुक्त परवान्याखाली होता, म्हणून हे जमलं. विकिपीडियावर जाहिराती आजही नाहीत. आपला मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला तो जाहिरातमुक्तच. आपल्या भाषेत फुकट लिहिणाऱ्या सगळ्यांना त्या भांडणाचा फायदा न मागता मिळाला, असं मी मानतो.

रेडिटची गोष्ट वेगळी. ही कंपनी २००५ मध्ये सुरू झाली, २००८ पासून कुणालाही तिथं स्वतःचा विषय-गट काढता येऊ लागला आणि काढणारा त्याचा मॉडरेटर झाला. जुलै २०१५ मध्ये कंपनीनं व्हिक्टोरिया टेलर यांना अचानक कामावरून काढलं. नामवंतांच्या प्रश्नोत्तरांची सगळी व्यवस्था त्या बघत, मॉडरेटरांचं त्यांच्याशी रोजचं बोलणं. मोठमोठे गट एकामागून एक बंद पडले. आठवडाभरात प्रमुख एलन पाओ यांनी पद सोडलं. त्या दिवसांपासून मॉडरेटरांना आपल्या हातातलं कुलूप कळलं. गट खाजगी करायचा की बाहेरच्याला काही दिसत नाही.

१८ एप्रिल २०२३ ला रेडिटनं जाहीर केलं की आपला डेटा बाहेरच्या ॲपना यापुढं विकत घ्यावा लागेल. एआय कंपन्या तो फुकट उपसत होत्या हे खरं होतं, आणि त्यांच्याकडून पैसे घ्यावेत यात गैर काही नव्हतं. पण दर सगळ्यांना लागला. ॲपनं डेटा मागितल्याच्या दर हजार विनंत्यांना २४ सेंट. अपोलो नावाचं लोकप्रिय ॲप बनवणाऱ्यानं हिशोब केला तेव्हा वर्षाचं बिल दोन कोटी डॉलर निघालं, आणि ३० जूनला त्यानं ॲप बंद केलं. कितीतरी मॉडरेटर अशाच बाहेरच्या ॲपवरून काम करत होते, कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर ती सोय अपुरी होती. बरेच अंध वापरकर्ते तर स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयीशी नीट जुळणाऱ्या बाहेरच्या ॲपवरच अवलंबून होते. आरडाओरडा झाल्यावर त्या ॲपना सूट मिळाली, पण त्यांची आठवण आधी कुणाला झाली नव्हती. रात्रपाळीच्या राखणदाराच्या हातातली बॅटरी काढून घ्यायची आणि गस्त चालू ठेव म्हणायचं, त्यातलाच हा प्रकार.

१२ जूनला आठ हजारांहून जास्त गट बंद झाले. ठरले होते दोन दिवस. प्रमुख स्टीव्ह हफमन यांनी कर्मचाऱ्यांना कळवलं की हे वादळ निघून जाईल. मग काही गट बेमुदत बंद राहिले, तेव्हा मॉडरेटर बदलण्याचे इशारे गेले. एका मुलाखतीत हफमन यांनी मॉडरेटरांची तुलना जमीनदारांशी केली. जो आधी आला तो कायमचा बसला, लोकांना त्याला काढता येत नाही, असा त्यांचा मुद्दा.

सांगली-साताऱ्याच्या माणसाला इथं पाटील-कुलकर्ण्यांची वतनं आठवणारच. गटाची मालकी पहिल्या आलेल्याकडे राहते ही तक्रार खोटी नाही. मीही असे हेकट ॲडमिन पाहिलेत. पण वतनदाराकडे इनामाची जमीन असे, सनद असे. रेडिटच्या मॉडरेटरकडे ना जमीन ना सनद. आपल्याकडं साखर कारखान्याचा साधा सभासद वार्षिक सभेत उठून अध्यक्षाला जाब विचारतो, कारण ऊस त्याचा, शेअर त्याचा आणि मतही त्याचं. इथं मॉडरेटरांचा होता तो फक्त ऊस. मार्च २०२४ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली तेव्हा काही जुन्या वापरकर्त्यांना आणि मॉडरेटरांना ३४ डॉलरच्या भावानं शेअर देऊ केले. म्हणजे विकत.

त्याच जूनमध्ये दुसरा संप चालू होता, त्याची बातमी आपल्याकडं फारशी आली नाही. कॉम्प्युटरवर काम करणारं सांगलीतलं एकही पोर असं नसेल ज्यानं स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरून उत्तर उचललेलं नाही. २००८ पासून लोकांनी फुकट लिहिलेली उत्तरं आहेत ती. २०२१ मध्ये ती कंपनी १८० कोटी डॉलरला विकली गेली. इथले मॉडरेटर वापरकर्त्यांनी मतदानानं निवडलेले असतात, त्यामुळं जमीनदारीचा आरोप त्यांना लागू पडत नाही. चॅटजीपीटी आल्यावर आठवडाभरातच, डिसेंबर २०२२ च्या सुरुवातीला, त्यानं लिहिलेल्या उत्तरांवर तिथं बंदी आली. उत्तरं वाचायला सफाईदार आणि बऱ्याचदा चुकीची असत, आणि तपासणारे हात थोडे. मग मे २०२३ च्या शेवटी कंपनीनं मॉडरेटरांना कळवलं की एआयचा संशय म्हणून उत्तरं काढणं थांबवा. निरपराध नवख्यांवर कारवाई होतेय, हे कंपनीचं कारण. मॉडरेटरांचं म्हणणं, आम्हाला खाजगीत दिलेला आदेश आणि लोकांना सांगितलेलं धोरण यांत फरक आहे.

५ जूनला संप सुरू झाला. खुल्या पत्रावर हजाराहून जास्त सह्या पडल्या. स्पॅम हुडकणारा बॉट, म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्रॅम, स्वयंसेवकच चालवत, तो त्यांनी थांबवला, आणि केवढं काम आजवर गुपचूप होत होतं ते लोकांना पहिल्यांदा दिसलं. मधेच आणखी एक गोष्ट उघड झाली. सगळ्या मजकुराची प्रत ठराविक काळानं सर्वांसाठी खुली करायची जुनी प्रथा कंपनीनं न सांगता थांबवली होती. उद्या कंपनी बिघडली तर लेख घेऊन बाहेर पडता यावं, स्पॅनिश मंडळींसारखं, यासाठीच ती प्रत होती. संप दोन महिने चालला आणि वाटाघाटीनं मिटला. एआयचं उत्तर कोणत्या खुणांवरून काढता येईल ते दोघांनी बसून ठरवलं, मजकुराची प्रत पुन्हा सुरू झाली.

पण मे २०२४ मध्ये कंपनीनं साइटवरचा मजकूर पुरवण्याचा करार चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयशी केला. निषेध म्हणून काहींनी आपली जुनी उत्तरं पुसायला घेतली. ती पूर्ववत करण्यात आली आणि पुसणाऱ्यांची खाती काही दिवसांसाठी गोठवली गेली.

रेडिटवर ३० सप्टेंबर २०२४ ला नवा नियम आला. सार्वजनिक गट खाजगी करायचा असेल तर मॉडरेटरनं आधी कंपनीकडं विनंती करायची. १२ जून २०२३ ला आठ हजार गटांनी घातलेलं कुलूप ते हेच.