दहा बाय बाराच्या खोलीत वाफ जाते कुठे?

आमची खोली 10 बाय 12ची, मोरी त्यातच, वर पोटमाळा. मुंबईच्या बीडीडी चाळीतल्या 1920च्या दशकातल्या खोल्या 160 स्क्वेअर फुटांच्या, त्या आम्हाला ऐसपैस वाटतात यावरून काय ते समजा. त्यामुळे रिनोव्हेशन काढलं तेव्हा एक इंचही वाया घालवायचा नाही असं ठरवूनच बसलो, कार्पेंटरने बाहेरच्या भिंतीला खालपासून सिलिंगपर्यंत वॉर्डरोब चिकटवून दिला, त्यामागे वरचा व्हेंटिलेटरही झाकला गेला, पण दिसायला एकदम झकास! जुलैत आईने पैठणी काढली तर घडीवर पांढरी बुरशी.

मग हिशोबाला बसलो. उंची 9 फूट धरली तर खोलीत हवा जेमतेम 30 घनमीटर, त्यातली पण बरीच जागा सामानाने खाल्लेली. झोपलेला माणूस तासाला साधारण 12 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, आम्ही 4 जण, म्हणजे सगळं घट्ट बंद असेल तर तासाभरातच 1600 पीपीएमची (दहा लाख भाग हवेत 1600 भाग) भर (बाहेरच्या हवेत तो 420च्या आसपास असतो). सकाळी डोकं जड का होतं ते तेव्हा कळलं, उगाच पित्ताला शिव्या घालत होतो.

पण खरी गंमत पाण्याची आहे. श्वास आणि त्वचेतून माणशी तासाला 40 ग्रॅमच्या आसपास वाफ जाते, म्हणजे रात्रभरात चौघांची लिटरभर. त्यात गॅस. एलपीजी जळतो तेव्हा त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जाऊन पाणी बनतं, 1 किलो गॅसमागे दीड किलोच्या वर, म्हणजे 14.2 किलोचा सिलिंडर संपेपर्यंत 20 लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन घरात येतं, आणि यात भाताची वाफ किंवा दोरीवरचे ओले कपडे धरलेलेच नाहीत. ही वाफ जाणार कुठे? जिथे गार असेल तिथे. पावसाने भिजलेली बाहेरची भिंत सगळ्यात गार, आणि 28 डिग्रीची, 85 टक्के आर्द्रतेची हवा 25 डिग्रीच्या आसपास आली की तिला आणखी वाफ पेलवत नाही. वॉर्डरोबच्या मागे हवा हलतच नव्हती, मग बुरशीला अजून काय पाहिजे.

उपाय तसा फालतू वाटेल. वॉर्डरोब भिंतीपासून 3 इंच पुढे घेतला, पाठीच्या प्लायला खाली-वर जाळ्या पाडल्या आणि व्हेंटिलेटर मोकळा केला. गरम हवा हलकी, ती वरून बाहेर पडते आणि दाराखालून ताजी आत येते, पंखा नसला तरी. ओट्यावर एक्झॉस्ट लावला तो मात्र कुकर चढवायच्या आधीच सुरू करायचा, वास आल्यावर नाही.

प्लायचं पण बघून घ्या. स्वस्त एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट, म्हणजे नुसता दमटपणा सोसणाऱ्या) प्लायचा गोंद युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो, दमट गरम हवेत त्यातून फॉर्मल्डिहाइड जास्त सुटतो, डोळे चुरचुरतात ते त्यानेच, आणि 30 घनमीटरात तो पातळ व्हायला जागाच नाही. आयएस 710 या भारतीय मानकाच्या बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ, उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) प्लायमध्ये फिनॉलिक गोंद असतो, तो बराच कमी सोडतो आणि ओलीतही टिकतो. महाग आहे, पण 5 वर्षांनी फुगलेला प्लाय भंगारात टाकून नवीन आणण्यापेक्षा परवडतो.

पंख्याबद्दल एवढंच की तो हवा गार करत नाही, फक्त घाम लवकर उडवतो, म्हणून रिकाम्या खोलीत चालू ठेवायचा काहीच उपयोग नाही. साधा 75 वॉटचा काढून 30 वॉटचा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) लावला, आमच्याकडे दिवसाचे 16 तास चालतो, महिन्याला 20 युनिट वाचतात. पोटमाळ्यावर मात्र वेगळा छोटा पंखा लागतोच, गरम हवा सगळी तिथेच जाऊन बसते.

यंदाच्या पावसाळ्यात पैठणी कोरडी निघाली. आईचं म्हणणं एवढंच, की त्या 3 इंचाच्या फटीत झाडू जात नाही, आणि ते खरंच आहे.